कॉम्प्युटरवरून स्टाफला मेसेज पाठवताय? या चुका टाळा

मी सावद्याजवळ एका केळी पॅकिंग हाऊसचं ऑफिस बघतो, शिवाय जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलचं कॉम्प्युटरचं काम पण माझ्याकडेच आहे. कटाईच्या टोळ्या, हमाल, ड्रायव्हर, ऑपरेटर असे दोन्हीकडचे मिळून दोनशेच्या आसपास लोक, आणि रोज संध्याकाळी त्यांना उद्याचं सांगायचं असतं. हे काम फुकट किंवा अगदी कमी पैशात होतं, पण आजूबाजूच्या ऑफिसांतून मला जे फोन येतात ते सगळे त्याच त्या चुकांचे असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट (ग्रुप न करता एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची यादी) बनवली आणि मेसेज सगळ्यांना गेला असं धरून चालायचं. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे फक्त त्यालाच तो मेसेज मिळतो हे कोणी बघतच नाही.

आमच्याकडे मे महिन्यात झालेलं सांगतो. ऑफिसचा नंबर नवीन घेतला होता, मी जुनी लिस्ट तशीच नव्या फोनवर बनवली आणि रात्री मेसेज टाकला की उद्या बाग रावेरकडची आहे, ऊन चढायच्या आत घड उतरवायचेत, पहाटे ५ ला गाडीजवळ या. पहाटे गाडीजवळ २२ पैकी ९ जण. ट्रक उभा, व्यापाऱ्याचा माणूस दर दहा मिनिटांनी फोन करतोय, आणि मुकादमाला घरून उठवलं तर तो डोळे चोळत म्हणतो, "भाऊ, मले त काही मेसेजच नई आला." खरंच नव्हता आला, कारण नवीन नंबर त्याच्याकडे सेव्हच नव्हता. बागेत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं, त्या दिवशी निम्मी बाग तशीच राहिली आणि ट्रक अर्धा भरून पाठवावा लागला. तेव्हापासून मी ब्रॉडकास्ट टाकला की पंधरा मिनिटांनी तो मेसेज दाबून धरून इन्फो उघडतो, ज्यांना पोचला नाही त्यांना सरळ फोन लावतो. याला वेळ लागतो, लागू द्या. पाठवलं की काम संपलं असं समजणारी पोरं ऑफिसात असली की भुर्दंड मालकाला पडतो.

ग्रुप केला असेल तर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल अशी सेटिंग करा, नाहीतर शिफ्टचा मेसेज गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. आणि कोणाची किती उचल बाकी आहे हे ग्रुपवर टाकू नका. गरीब माणसाचा चारचौघांत असा अपमान करायचा आपल्याला काहीच हक्क नाही.

फुकटातलं बल्क सेंडर सॉफ्टवेअर किंवा क्रोमचं एक्स्टेन्शन टाकून एका क्लिकवर पाचशे मेसेज सोडणं, हे तर करूच नका. व्हॉट्सॲपच्या नियमात ते बसत नाही, नंबर बंद होतो आणि त्याच नंबरवर तुमचे व्यापारी असतात. पाच मिनिटं वाचवायला लोक दहा वर्षांचा नंबर पणाला लावतात, मला हे कधीच पटलं नाही.

आता साधा एसएमएस. आमच्या निम्म्या हमालांकडे कीपॅडचे फोन आहेत, त्यांच्यासाठी हाच रस्ता. माणसं थोडी असतील तर गुगल मेसेजेसचं वेब पान कॉम्प्युटरवर उघडा, फोनने क्यूआर स्कॅन करा, तुमच्याच सिमवरून एसएमएस जातात, वेगळा खर्च नाही. फक्त फोन चालू आणि नेटवर पाहिजे, आणि बऱ्याच पॅकमध्ये दिवसाला १००च एसएमएस असतात. ग्रुप मेसेजिंगची सेटिंग एकदा बघून घ्या, ती एमएमएसवर (फोटो-ग्रुपवाल्या मेसेजचा वेगळा प्रकार) असली तर कीपॅडवाल्याला काही मिळणार नाही, वेगवेगळा एसएमएस जाईल अशी ठेवा.

इथली जुनी चूक म्हणजे मराठी मेसेजची लांबी. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०, आणि त्यापुढे गेलं की तुकडे पडून प्रत्येक तुकड्यात ६७च. त्यातही काना मात्रा वेलांटी हलंत सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणजे "उद्या" हा शब्द आपल्या डोळ्याला दोन अक्षरांचा, पण मोजणीत पाच. डाळ मिलमध्ये आधीचा पोरगा "सर्व कामगार बंधूंना कळविण्यात येते की" इथून सुरुवात करायचा, मुद्दा येईपर्यंत पहिला एसएमएस अर्धा संपलेला, आणि १८० जणांच्या मेसेजला ३६० एसएमएसचे पैसे कापले जायचे. मी "उद्या सकाळची शिफ्ट ६ ऐवजी ८ ला सुरू होईल" एवढंच लिहितो, ४० अक्षरं, झालं. काही जुन्या कीपॅड फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात, त्यांना इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवा, पण मजकूर वर्डमधून उचलू नका, तिथलं एक वाकडं अवतरणचिन्ह आलं तरी १६० चे ७० होतात.

माणसं जास्त असली आणि बल्क एसएमएस कंपनीकडून घ्यायचं ठरवलं तर एका मेसेजचा दर रुपयाच्या आत, काही पैसे असतो, पण ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांमुळे आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, फर्मची नोंदणी, हेडर (मेसेज कोणाकडून आला ते दाखवणारं नाव) आणि टेम्पलेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) मंजूर करून घ्यावं लागतं. घाईवाले इथंच चिडतात. टेम्पलेटमध्ये जे मंजूर झालं त्यातला एक शब्द जरी बदलला तरी मेसेज अडतो, म्हणून तारीख, वेळ, जागा यांना आधीच व्हेरिएबल, म्हणजे दरवेळी बदलता येणारी मोकळी जागा, ठेवा. मेसेजमध्ये लिंक टाकायची असेल तर तीही आधी नोंदवावी लागते, १ ऑक्टोबर २०२४ पासून.

ईमेलवरून एसएमएस पाठवायची युक्ती इंटरनेटवर वाचून करायला जाऊ नका, ती अमेरिकेतल्या मोबाईल कंपन्यांची सोय होती आणि तिथंही एटी अँड टीने २०२५ मध्ये बंद केली.

बल्क एसएमएससाठी नंबरांची यादी एक्सेलमध्ये करून अपलोड करतात, म्हणून एक्सेलबद्दल सांगायलाच पाहिजे. नंबरच्या आधी ९१ लावून १२ आकडे टाकले की एक्सेल त्याचं ९.१९ई+११ असलं काहीतरी करतं, तसंच सीएसव्ही (अपलोडला लागणारी साध्या मजकुराची फाईल) सेव्ह केलं की मागचे आकडे कायमचे गेले, मेसेज भलत्याच नंबरला. ती फाईल परत उघडून उपयोग नसतो. कॉलम आधीच टेक्स्ट करा, १० आकडीच नंबर ठेवा, आणि अपलोड केल्यावर पहिले पाच नंबर वहीशी ताडून बघा. मी आधी स्वतःला, मुकादमाला आणि वॉचमनला पाठवतो, तिघांचा होकार आला की मगच बाकीच्यांना.

आणि लिस्ट जुनी ठेवू नका. आमच्याकडची माणसं रिचार्ज संपला की सिम बदलतात, हंगाम संपला की गावी जातात. मी पगाराच्या दिवशी सही घेताना प्रत्येकाला समोरच ऑफिसच्या फोनवर मिसकॉल द्यायला लावतो, आलेला नंबर लिस्टशी मिळवतो, आणि त्याच्या फोनमध्ये आमचा नंबर मी स्वतः सेव्ह करून देतो.