रिमोटची बोट हातातून सुटू नये म्हणून

बोट पाण्यात सोडण्याआधी एक चाचणी कराच. बोट स्टँडवर ठेवा, पंख्याजवळ हात नको. थ्रॉटल (वेगाचा लीव्हर) थोडा द्या आणि रिमोट सरळ बंद करा. मोटर क्षणभरात थांबली तर ठीक. फिरतच राहिली, तर तुमचा रिसीव्हर (बोटीतला, रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) शेवटचा हुकूम धरून बसतो. तळ्यात सिग्नल तुटला की बोट त्याच वेगाने थेट पलीकडच्या काठावर.

उपाय म्हणजे फेलसेफ सेट करणे, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणे. बऱ्याच २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हरमध्ये ते बाइंडिंग करतानाच, म्हणजे रिमोट आणि रिसीव्हरची जोडी जुळवतानाच होतं: थ्रॉटल न्यूट्रलला (मोटर थांबलेली असते त्या जागी) ठेवून बाइंड करा. सुकाणूही सेट करता येत असेल तर किंचित एका बाजूला वळवून ठेवा, म्हणजे उरलेल्या वेगात बोट काठावर न आदळता गोल फिरेल. नंतर चाचणी पुन्हा.

पेट्रोल किंवा नायट्रो (मॉडेलसाठीच्या खास इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाची गोष्ट वेगळी. रिसीव्हरची बॅटरीच मेली तर फेलसेफ काय करणार? सर्व्हो (थ्रॉटलची दांडी हलवणारी छोटी मोटर) असेल तिथेच अडकतो आणि इंजिन चालूच. तिथे कार्ब्युरेटरच्या दांडीला थ्रॉटल बंद करणारी हलकी स्प्रिंग लावा. फार कडक नको, नाहीतर सर्व्होच बॅटरी खाईल. माझी एक बोट जलपर्णीत घुसली, तेव्हा कुठे ही आठ-दहा रुपयांची स्प्रिंग आठवली.

अँटेनाचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर हवं, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात टिकत नाहीत. आणि रिमोट आधी चालू, शेवटी बंद.