पेपरात आणि मालिकेत बाई कशी दिसते: आठवडाभराची मोजणी

भिशीला जमणाऱ्या चौघीजणी किंवा वाचनालयाचा गट ही मोजणी आरामात करू शकतो. बेळगाव आवृत्तीचं एक मराठी दैनिक सलग सात दिवस घ्या, सोबत एक वही. ८ मार्च, नवरात्र आणि कित्तूर उत्सवाचा आठवडा टाळा. त्या दिवसांत बायकांना पानंच्या पानं मिळतात, एरवी नाही.

पहिलं पान, स्थानिक पानं आणि क्रीडा, एवढंच धरा. जाहिराती त्यात मिसळल्या की साड्या-दागिन्यांच्या मॉडेल बातमीतल्या बायका म्हणून मोजल्या जातात.

वहीत पाच रकाने आखा: नाव छापलंय की नुसतं ‘अमक्यांच्या पत्नी’, काम काय सांगितलंय, तिचं बोलणं तिच्या शब्दांत आहे का, फोटोत ती काय करतेय, बातमी कशाची आहे. बहुतेक गट घसरतात ते समूहफोटोत. तिथली डोकी मोजू नका. ‘उपस्थित महिला’ म्हणजे एकच नोंद, तीही बिननावाची. निपाणीच्या तंबाखूची, विडीची बातमी आली तर जरा थांबा: फोटोत वखारीतल्या बायका आणि दरावर बोलणारा व्यापारी, असं आहे का बघा.

दोघींनी एकमेकींना न दाखवता नोंदी कराव्यात. दहातल्या दोनांहून जास्त नोंदी जुळल्या नाहीत, तर नियम नीट ठरलेला नाही. तो लिहून काढा आणि पुन्हा मोजा. तुलनेसाठी आकडा हवाच असेल, तर जागतिक माध्यम पाहणीत बातम्यांतल्या माणसांपैकी स्त्रिया १९९५ मध्ये १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५.

मालिकांना अ‍ॅलिसन बेकडेलच्या १९८५ च्या व्यंगचित्रातली कसोटी लावा: दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, पुरुष सोडून दुसऱ्या कशावर बोलतात का. ती कसोटी सिनेमासाठी होती. सासू-सुनांच्या मालिकेत पहिल्या दोन अटी फुकटच पुऱ्या होतात, म्हणून चौथा प्रश्न जोडा: तिच्या हातात पैसा कुठून येतो? आपल्याकडे घरात कन्नड मालिकाही चालतात. एक मराठी, एक कन्नड भाग याच चार प्रश्नांवर तपासा.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांवरचा मजकूर वेगळा काढा. घोडा आणि तलवार सगळीकडे असते. दत्तकाच्या हक्कासाठी त्यांनी कंपनी सरकारशी घातलेला वाद आणि १८२९ मध्ये बैलहोंगलला कैदेत आलेला मृत्यू किती ठिकाणी येतो, ते लिहा. शूर बाई चालते, राज्यकारभारावर भांडणारी बाई मजकुरातून गळते.

निकाल घेऊन संपादकांकडे तक्रार करण्यापेक्षा तालुक्याच्या वार्ताहराला गाठा. ज्याचा नंबर हाताशी असतो, त्यालाच तो फोन करतो. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, तेव्हा सदस्य, ऊस पिकवणारी, डॉक्टर, शिक्षिका अशा दहाजणींना आधी विचारून त्यांचे नंबर आणि विषय एका कागदावर लिहा आणि तो त्याच्या हातात द्या. तीन महिन्यांनी तेच रकाने पुन्हा भरा.