इन्फ्रारेड सेन्सरने हवेतला कार्बन डायऑक्साइड कसा मोजावा

सेन्सरमधल्या नळीच्या एका टोकाला इन्फ्रारेड प्रकाश देणारा बारीक दिवा, दुसऱ्या टोकाला फिल्टर आणि त्यामागे प्रकाश मोजणारा डिटेक्टर. फिल्टर फक्त ४.२६ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडतो, कारण कार्बन डायऑक्साइड नेमका तोच शोषतो. वायू जितका जास्त, तितका डिटेक्टरपर्यंत प्रकाश कमी. मात्र वायू दुप्पट झाला म्हणून शोषण दुप्पट होत नाही, म्हणून आकडा सेन्सरमधली चिप गणिताने काढते.

१. शक्यतो दोन चॅनेलचा सेन्सर घ्या. दुसरा फिल्टर ३.९ मायक्रोमीटरच्या आसपासचा असतो, तिथे कार्बन डायऑक्साइड शोषत नाही. दिवा मंदावला तर दोन्ही सिग्नल एकत्र उतरतात आणि त्यांचं गुणोत्तर बऱ्यापैकी टिकतं. एकाच चॅनेलच्या सेन्सरला मंद दिवा म्हणजे वाढलेला वायूच वाटतो.

२. सेन्सर श्वासाच्या उंचीवर लावा. खिडकी, पंखा आणि माणसाच्या तोंडापासून दूर. नळीत दव धरलं तर रीडिंग भरकटतं.

३. चालू केल्यावर निदान तीन मिनिटं आकडा धरू नका. कॅलिब्रेशनआधी, म्हणजे माहीत असलेल्या हवेशी आकडा जुळवून घेण्याआधी, अर्धा तास तापू द्या.

४. कॅलिब्रेशन, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सेन्सर मोकळ्या हवेत, रहदारीपासून दूर ठेवा, वीस मिनिटं थांबा, आकडा स्थिर झाला की मगच सेन्सरला कॅलिब्रेशनची कमांड द्या. त्या वेळी जवळ उभं राहू नका: उच्छ्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेरच्या हवेत तो ४२० ते ४३० पीपीएमच्या घरात आहे. काही सेन्सर अजून ४०० धरून चालतात, तेवढा फरक लक्षात ठेवा.

बरेच सेन्सर काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा हीच बाहेरची हवा समजून आपोआप दुरुस्ती करतात. दिवसरात्र माणसं असलेल्या बंद खोलीत किंवा ग्रीनहाऊसमध्ये ही सोय बंदच करा. खोली कधीच ७०० पीपीएमच्या खाली जात नसेल, तर सेन्सर ७०० लाच ४०० म्हणू लागतो.

५. उंचीवर दाबाची दुरुस्ती द्या. १५०० मीटरवर हवेचा दाब सुमारे ८४.५ किलोपास्कल असतो, नळीत रेणूच कमी मावतात आणि खऱ्या १००० पीपीएमला ८३० किंवा त्याहूनही कमी दिसतात.

फुंकर मारून आकडा उसळला, तर सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं. अचूकता तपासायची तर प्रमाणित मिश्रणाचा गॅस नळीतून सोडावा लागतो.