गरीब घरातून संशोधनापर्यंत: प्रत्येक पायरीवर पैशाची सोय कशी लावावी

१९६० साली शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत अकरावा आलेला एक मुलगा शिक्षण सोडून नोकरी धरण्याच्या बेतात होता. वडील तो सहा वर्षांचा असतानाच गेले होते, आई मिळेल ते काम करून घर चालवत होती, आणि बारा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या पायात चप्पल नव्हती. त्या वळणावर सर दोराबजी टाटा ट्रस्टची महिना ६० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षण पुढे सुरू राहिले. हा मुलगा म्हणजे डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांनी १९६६ मध्ये मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली, १९६९ मध्ये पीएच.डी. पूर्ण केली, त्यानंतर इंग्लंडमधील सॅलफर्ड विद्यापीठात काम केले, पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले आणि १९९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवडले गेले.

ही हकिकत आपण बहुधा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. मला त्यातले ते ६० रुपये तितकेच महत्त्वाचे वाटतात, कारण ते नेमक्या वेळी आले. हुशार मुले अभ्यासात कमी पडून गळतात त्यापेक्षा दोन पायऱ्यांमधल्या रिकाम्या महिन्यांत जास्त गळतात, असे माझे मत आहे. म्हणून हा मार्ग आखताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न आधी विचारावा: या पायरीवर घरातून पैसे जाणार आहेत, की शिकण्यासाठी पैसे मिळणार आहेत?

पहिली संधी आठवीतच येते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजेच एनएमएमएस, शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांमधील मुलांसाठी असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असेल तर तिला बसता येते, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट खात्यात जमा होतात. अनेक मुलांना तिची माहिती मिळते तेव्हा ती नववीत गेलेली असतात. त्यामुळे आठवीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांकडे स्वतः चौकशी करावी.

बारावीनंतरचा निर्णय मात्र सावकाश आणि सगळ्या बाजूंनी पाहून घ्यावा. घरातील मंडळी अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयचा आग्रह धरतात, कारण विज्ञान शाखेच्या पदवीनंतर पुढे काय, हे त्यांना दिसत नसते. त्यांना आकडे दाखवावेत. बोर्डाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. तीत वर्षाला ६०,००० रुपये रोख आणि उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी २०,००० रुपये मिळतात. पुण्याच्या आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) संस्थेसह देशातील सर्व आयसर आणि त्याच धर्तीची भुवनेश्वरची नायसर येथे पदवीपासूनच प्रयोगशाळेत काम करता येते. तिथे प्रवेश मिळाला नाही तरी वाट बंद होत नाही. साध्या महाविद्यालयातून बी.एस्सी. करून जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेद्वारे आयआयटीत एम.एस्सी.ला जाणारे विद्यार्थी दरवर्षी असतात.

साध्या महाविद्यालयात खरी उणीव असते ती संशोधन करणारी माणसे जवळून पाहण्याची. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप दोन महिन्यांची असून तीत विद्यावेतन मिळते, आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी निवडक कार्यक्रम चालतात. याशिवाय शास्त्रज्ञांना थेट पत्र लिहावे. माझ्या पाहण्यात बहुतेक पत्रे एकाच कारणाने वाया जातात: त्यांत स्वतःची हलाखी दोन परिच्छेद असते आणि विज्ञान एक ओळ. पत्राचा क्रम उलटा ठेवावा. पहिल्या वाक्यात आपण कोण आणि कोणत्या वर्षात आहोत ते सांगावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात त्यांच्या एखाद्या शोधनिबंधातील नेमकी आकृती किंवा निष्कर्ष घेऊन त्यावर आपल्याला पडलेला प्रश्न लिहावा. चौथ्या वाक्यात किती आठवडे आणि कोणत्या तारखांना येता येईल ते कळवावे. राहण्याच्या खर्चाची अडचण शेवटी, एका वाक्यात, संकोच न करता लिहावी. वीस पत्रांना एक उत्तर आले तरी ते पुरेसे असते.

शोधनिबंध इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला धडकी भरते. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा: आधी फक्त आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी वाचाव्यात, प्रत्येक आकृती काय सांगते ते वहीत मराठीत लिहावे आणि मगच मजकुराकडे वळावे. विचार मराठीत पक्का झाला की इंग्रजी शब्द त्यावर आपोआप बसत जातात. माशेलकरांच्या शाळेत भावे सरांनी भिंगाने उन्हात कागद जाळून दाखवला होता, आणि तो प्रसंग ते पुढे आयुष्यभर सांगत आले. पाठ्यपुस्तकातले नाभीय अंतर त्या काळ्या पडत गेलेल्या कागदामुळे त्यांच्या मनात पक्के बसले.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर (वर उल्लेखलेली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांच्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाल्यास महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा असतो. मात्र ही रक्कम अनेकदा काही महिने उशिरा येते. मिळू लागताच सगळी घरी पाठवू नये. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा आणि घरच्यांना त्याचे कारण आधीच सांगून ठेवावे.

परदेशी पीएच.डी.साठी कर्ज काढावे लागते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत विज्ञान शाखांतील पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की शिक्षणशुल्क माफ होऊन अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून वेतन मिळणे ही सर्वसाधारण पद्धत आहे, तर जर्मनीत अनेक ठिकाणी पीएच.डी.चा विद्यार्थी पगारी कर्मचारी असतो. अर्जाचे शुल्क माफ करण्याची विनंती करता येते, आणि ती केलीच पाहिजे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. खरी अडचण व्हिसा, तिकीट आणि पहिल्या महिन्याची अनामत यांची असते, कारण हे पैसे पहिल्या पगाराच्या आधी लागतात. त्यासाठी वर्षभर आधीपासून तजवीज करावी.

आता कागदपत्रांविषयी, कारण माझे एक वर्ष याच कारणाने वाया जाता जाता राहिले. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या आडनावात एक इंग्रजी अक्षर जास्त होते आणि बँकेच्या पासबुकावर ते नव्हते. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही आठ महिने खात्यात आली नाही, आणि त्या काळात खानावळीचे पैसे मित्र भरत होता. म्हणून गुणपत्रिका, आधार, पासबुक आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नावाचे एकेक अक्षर जुळवून पाहावे. उत्पन्नाचा दाखला मुदत संपण्याची वाट न पाहता नवा काढावा, आणि जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणी प्रमाणपत्राचे काम बारावीआधीच मार्गी लावावे. निघताना मूळ प्रती बरोबर घ्याव्यात आणि एक स्पष्ट छायाप्रतसंच घरी ठेवावा. त्याच फायलीत अर्जांच्या तारखा लिहिलेला एक कागद ठेवावा, म्हणजे घरात किंवा शेजारी आठवीत असलेल्या मुलाला त्या विचारत फिरावे लागणार नाही.