ऑक्टोबरात स्कॉटलंड, कॅम्परव्हॅनने: निघण्याआधी

आधी सूर्यास्ताची वेळ बघा, नकाशा मग उघडा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि त्यानंतर उत्तरेकडच्या इनव्हरनेस शहरात साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो. रोजचा टप्पा असा आखा, की चारपर्यंत गाडी मुक्कामी लागली पाहिजे. हा हरणांच्या माजाचा काळ. तिन्हीसांजेला ती अचानक रस्त्यावर येतात. 'नॉर्थ कोस्ट ५००' हा उत्तर किनाऱ्याचा सुमारे ८३० किलोमीटरचा अख्खा फेरा पाच-सहा दिवसांत उरकू नका. टॉरिडन, लॉख मारी (लॉख म्हणजे सरोवर) आणि अ‍ॅपलक्रॉस एवढंच निवांत बघा, त्यात खरं सुख आहे.

लायसन्सची फार चिंता नको. भारतीय लायसन्सवर वर्षभर चालवता येतं, गाड्याही डावीकडूनच चालतात. सराव हवा तो एकपदरी रस्त्यांचा. समोरून गाडी आली आणि पासिंग प्लेस, म्हणजे बाजू द्यायला रुंद केलेली जागा, डावीकडे असली तर आत शिरायचं; उजवीकडे असली तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं. मागे कुणी खोळंबलं असेल तर त्यालाही पुढे जाऊ द्या. फोटोसाठी तिथे गाडी लावू नका, कारण त्याच रस्त्याने अ‍ॅम्ब्युलन्सही जाते. अ‍ॅपलक्रॉसला जाताना ६२६ मीटर उंचीचा बेलाख ना बा घाट मोठ्या व्हॅनसाठी नाही; शील्डेगवरून किनाऱ्याचा रस्ता धरा.

व्हॅन ताब्यात घेताना हीटर स्वतः चालू करून बघा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून बघा, सिलिंडर प्रोपेनचा आहे ना ते विचारा. कडाक्याच्या थंडीत ब्यूटेनचा गॅस नीट होत नाही. किनाऱ्यावर गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दार एका हाताने घट्ट धरूनच उघडा. पाठीमागून झोत आला तर दार हिसकून पार बिजागरीपर्यंत वाकतं. ओले कपडे आत वाळत घातले की पहाटे काचांवरून पाणी ओघळतं. छताची खिडकी बोटभर उघडी राहू द्या, पुसायला दोन-तीन सुती पंचे घ्या.

बऱ्याच कॅम्पसाइट ऑक्टोबरअखेर बंद होतात, तेव्हा फोन करून खात्री करा. फेरीबोटींचं हिवाळी वेळापत्रकही याच सुमारास लागू होतं. बुकिंग करताना गाडीची लांबी-उंची हाताशी असू द्या. स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात फिरायचा, तंबू ठोकायचा हक्क कायद्याने आहे, पण २००३ च्या त्या कायद्यात मोटारगाडी बसत नाही. लॉखच्या काठी दिसेल तिथे रात्र काढता येत नाही. आणि टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैल्याची काढता येणारी टाकी, फक्त नेमून दिलेल्या जागीच रिकामी करायची, झुडपांत किंवा पाण्यात कधीच नाही. त्या काठांवर माणसं राहतात, हे मनापासून जपा.

शिध्यात पोहे, मेतकूट, भाजणी न्या. तूप आणि पेढे मात्र घरीच ठेवा. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.