स्लॅबला वाळू किती लागणार? टिपर सांगायच्या आधी एवढा हिशोब करा

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाळूचा हिशोब बहुतेक घरांत असाच होतो, मेस्त्री सेंट्रिंगकडं एकदा बघतो, "दीड ब्रास टाका, कमी पडली तर बघू" म्हणतो आणि मालक फोन लावून मोकळा. आता मेस्त्रीचा अंदाज बरेचदा बरोबर असतो हे खरं, पण चुकला की स्लॅब चालू असताना चुकतो, मिक्सर थांबतो, ओतलेला माल सेट व्हायला लागतो, आणि दुसरा टिपर येईपर्यंत असलेल्या वाळूतच भागवायचं ठरतं. गणित सहावी-सातवीचं आहे, टेप आणि वही घेऊन बसलात की अर्ध्या तासात होतंय.

आधी काँक्रीट किती लागणार ते काढा. समजा स्लॅब २० बाय २५ फूट आणि जाडी ५ इंच, म्हणजे ५०० गुणिले ५ भागिले १२, झाले २०८ घनफूट. आता बीम, हे लोक हमखास विसरतात. स्लॅबच्या खाली जेवढा बीम उतरतो तेवढाच धरायचा, ९ इंच रुंद, १० इंच खाली आणि सगळे मिळून ९० फूट लांब असतील तर ५६ घनफूट. एकूण २६४.

पण २६४ घनफूट काँक्रीटला २६४ घनफूट सुटा माल पुरत नाही. ढिगातल्या खडीत फटी असतात, कालवल्यावर वाळू त्या फटीत जाते, सिमेंट वाळूच्या फटीत जातं, सगळं आकसतं. म्हणून १.५४ नं गुणायचं, हा आकडा साइटवर सगळीकडं चालतो. २६४ गुणिले १.५४ म्हणजे साधारण ४०७ घनफूट सुका माल.

घराच्या स्लॅबला एम २० ताकदीचं काँक्रीट धरतात, प्रमाण १ सिमेंट, दीड वाळू, ३ खडी. बेरीज साडेपाच. ४०७ ला साडेपाचनं भागलं की एक भाग ७४ घनफूट. वाळू त्याच्या दीडपट, १११ घनफूट, आणि १०० घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे १.११ ब्रास. खडी २.२२ ब्रास, सिमेंट साधारण ६० पोती. सांडलवंड ५ टक्के धरा, वाळू झाली १.१७ ब्रास. घनमीटरमध्ये मोजणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा, एम २० च्या एका घनमीटरला ०.४२ घनमीटर वाळू आणि ८ पोती सिमेंट. खाली पीसीसी, म्हणजे सळी नसलेलं साधं काँक्रीट, करायची असेल तर प्रमाण १:२:४, तिथं वाळू ०.४४ घनमीटर लागते. एम २५ सांगितलं असेल तर मात्र हे प्रमाण-बिमाण सोडा आणि इंजिनियरकडून डिझाइन मिक्स, म्हणजे त्या कामासाठी काढलेलं प्रमाण घ्या, काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ नुसार नॉमिनल मिक्स, म्हणजे असं ठरलेलं प्रमाण, एम २० पर्यंतच चालतं.

आता खरी गोम. हा सगळा हिशोब सुक्या वाळूचा आहे, आणि खानापूरकडच्या पावसात सुकी वाळू बघायला तरी मिळते का? ओलसर वाळू फुगते, कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून लांब राहतात, त्यामुळं ५ ते ८ टक्के ओलाव्यालाच ती २० ते ३० टक्के जास्ती जागा खाते, बारीक वाळू तर त्याहूनही जास्ती. टिपर भरलेला दिसतो, आत वाळू कमी असते. मग मालात वाळू कमी पडते, खडी उघडी राहते, आणि सेंट्रिंग काढल्यावर खाली मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात.

किती फुगली ते साइटवरच कळतं. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा घ्या, त्यात ओली वाळू न दाबता २० सेंटीमीटरपर्यंत भरा. ती काढून ठेवा, डबा निम्मा पाण्यानं भरा, वाळू परत आत सोडा, सळीनं चांगली ढवळा आणि बसू द्या. पाण्याखाली वाळू परत मूळ जागेवर येते. आता उंची १६ सेंटीमीटर भरली तर २० भागिले १६, म्हणजे १.२५, वाळू २५ टक्के फुगलेली. १.१७ ब्रासच्या जागी १.४६ ब्रास मागवायची.

हाच आकडा फर्म्याला, म्हणजे वाळू-खडी मोजायच्या खोक्याला पण लावायचा. सिमेंटचं एक पोतं म्हणजे ३५ लिटर, म्हणून फर्मा आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरचा करून घेतात. पोत्याला दीड फर्मा सुकी वाळू लागते, पण २५ टक्के फुगलेली असेल तर फर्म्याच्या आत तळापासून साडेतेवीस सेंटीमीटरवर खिळ्यानं रेघ मारा आणि त्या रेघेपर्यंत सपाट दोन फर्मे टाका. शीग लावलेल्या बुट्ट्या मोजून काँक्रीट करू नका, सकाळची बुट्टी आणि दुपारी दमलेल्या माणसाची बुट्टी कधीच सारखी नसते. पाणी पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर, आणि ओल्या वाळूतनं त्यातलं चारेक लिटर आधीच आलेलं असतं, ते वजा करा.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही, बहुतेक ठिकाणी क्रशरची एम सँडच येते, आणि ती बऱ्याचदा टनावर. एक ब्रास म्हणजे साधारण साडेचार ते पावणेपाच टन धरा, आपल्या स्लॅबला साडेपाच टनाच्या आसपास. माझं मत विचाराल तर टनावरच घ्या, कारण ओलाव्यानं वजनात ५-७ टक्क्यांचाच फरक पडतो, मापात मात्र २५ चा. फक्त काँक्रीटची एम सँड सांगा, प्लास्टरची पी सँड किंवा क्रशरची डस्ट नको.

नदीची मिळालीच तर गाळ बघून घ्या, काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर मिठाचं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा, वरचा गाळाचा थर वाळूच्या ८ टक्क्यांपेक्षा जाड असेल तर गाडी परत पाठवा.

आणि ब्रासवर घेणार असाल तर गाडी रिकामी व्हायच्या आधी वर चढा. शीग फळीनं सपाट करायला लावा, हौद्याची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची आतून फुटात मोजा, तिन्ही गुणून १०० नं भागा. ट्रॉली १० बाय ६ आणि वाळू पावणेदोन फूट असेल तर १.०५ ब्रास, तेवढ्याचेच पैसे द्यायचे.