उडी मोठी, फोटो फुसका: स्केटबोर्डिंगचे फोटो काढताना या चुका टाळा

पोरगा चार पायऱ्यांवरून ओली, म्हणजे हात न लावता बोर्डासकट उडी, मारतो, बोर्ड पायाला चिकटल्यासारखा वर येतो, खाडकन खाली उतरतो आणि कट्ट्यावर बसलेले सगळे ओरडतात. फोटोत मात्र कुणीतरी गुडघे दुमडून हवेत लोंबकळतंय, एवढंच दिसतं. मग नव्या लेन्सच्या किमती बघायला सुरुवात होते. जरा थांबा. असे फोटो फसतात ते बहुतेक वेळा उभं राहायची जागा आणि बटण दाबायची वेळ चुकल्यामुळे. सेटिंग्जचा नंबर त्यानंतर, आणि लेन्सचा तर सगळ्यात शेवटी.

पायऱ्याच फ्रेमबाहेर

क्रिकेटचे फोटो काढायची सवय असलेला माणूस झूम करून खेळाडूने फ्रेम भरून टाकतो. क्रिकेटमध्ये ते चालतं, कारण खेळपट्टी सगळीकडे बावीस यार्डांचीच. दाखवली नाही तरी बघणाऱ्याला ठाऊक असते. स्केटिंगमध्ये प्रत्येक स्पॉट वेगळा. पायऱ्या किती, रेलिंग किती उंच, वेग घ्यायला जागा किती, खाली गुळगुळीत फरशी आहे की उखडलेलं डांबर, यावर ट्रिकची किंमत ठरते. ते कापलंत की उरते नुसती उडी.

म्हणून फोटोत दोन ठिकाणं दिसायलाच हवीत: बोर्डाने जमीन सोडली ती कडा आणि तो जिथे उतरणार ती जागा. पायऱ्या असतील तर बाजूला या आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणा. उभ्याने काढलात तर बोर्डामागे फरशीच येते आणि तो जमिनीला टेकलेला वाटतो. खाली वाकलात की त्याच्याखाली मोकळी जागा दिसते आणि उंची कळते. अगदी समोरून, लांबच्या लेन्सने काढायचा मोहही आवरा. चेहरा छान येतो, पण पायऱ्या एकमेकींवर चेपल्या जातात आणि चारच्या दोन वाटतात.

बाजू कोणती, हेही आधी विचारून घ्या. डावा पाय पुढे ठेवणारा, म्हणजे रेग्युलर, जातो त्या दिशेच्या उजवीकडे तोंड करून उभा असतो. उजवा पाय पुढे ठेवणारा गूफी त्याच्या उलट. चुकीच्या बाजूला बसलात तर सगळा सेट पाठीचा. मुद्दाम पाठ हवी असेल तर गोष्ट निराळी.

सगळा भार बर्स्टवर

‘बटण दाबून धरू, एखादा तरी मिळेल,’ हा बर्स्टचा, म्हणजे सलग फोटो काढायचा, हिशेब कागदावरच कच्चा ठरतो. अर्धा मीटर उंच ओली घ्या. वर जायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, खाली यायला तेवढाच. त्यातल्या सगळ्यात वरच्या पाच सेंटीमीटरमध्ये तो असतो जेमतेम एक पंचमांश सेकंद. सेकंदाला ८ फ्रेम काढणाऱ्या कॅमेऱ्याला तिथे एक, फार तर दोन फोटो मिळतात, आणि त्यात पाय, हात, नजर सगळं जमून यायला हवं.

त्यापेक्षा कॅमेरा खाली ठेवून दोन-तीन प्रयत्न नुसते बघा. उडण्याआधी स्केटर खाली बसतो, खांदे दबतात, मग टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, जमिनीवर आपटल्याचा ‘टक’ ऐकू येतो. तो आवाज ऐकून बटण दाबेपर्यंत, बोटाची आणि कॅमेऱ्याची ढिलाई धरून, पाव सेकंद सहज जातो. मोठ्या उडीत तो परवडतो, उलट त्यामुळेच वेळ जुळते. पण उडी वीतभरच उंच असेल तर तोवर बोर्ड परतीला लागलेला असतो. तिथे आवाजाची वाट बघू नका, दबलेले खांदे वर यायला लागले की दाबा.

आणि सगळ्यात उंच क्षण हाच उत्तम क्षण, असंही नाही. किकफ्लिपमध्ये, म्हणजे पायाच्या झटक्याने बोर्ड हवेत लांबीभोवती फिरवण्याच्या ट्रिकमध्ये, बोर्ड फिरता फिरता कॅमेऱ्याकडे कड करून उभा राहिला की तो नुसत्या रेषेसारखा दिसतो, फोटो वाया. त्याआधी किंवा नंतर खालची बाजू, चाकं आणि चित्रासकट, समोर येते ती फ्रेम वाचता येते. मला स्वतःला त्याच्याही पुढची आवडते, दोन्ही पायांनी फिरणारा बोर्ड हवेतच पकडलेला असतो ती. तिथे ट्रिक त्याच्या ताब्यात आलेली दिसते. ग्राइंडला, म्हणजे कडेवरून किंवा रेलिंगवरून घसरत जाण्याला, एवढी घाई नसते. ट्रक, म्हणजे चाकं बसवलेला धातूचा आस, कडेवर नीट बसू द्या, आधी दाबलंत तर तो कडेला धडकणार असंच वाटतं.

न जमलेल्या ट्रिकचा फोटो

या मंडळींचा एक अलिखित नियम आहे: ट्रिक जमली नाही, म्हणजे स्केटर बोर्डावर उतरून पुढे गेला नाही, तर तिचा फोटो जमलेली ट्रिक म्हणून दाखवायचा नाही. बाहेरच्या माणसाला दोन्ही फोटो सारखेच दिसतात. स्केटरला मागचा पाय बोर्डापासून सुटलेला आणि नजर खालच्या फरशीवर गेलेली दिसते आणि तो एका क्षणात सांगतो, हा पडला होता. तेव्हा प्रत्येक प्रयत्नानंतर जमलेल्याच्या फ्रेमवर खूण करून ठेवा आणि कुठे टाकण्याआधी त्यालाच निवडू द्या. तुम्हाला आवडलेला फोटो तो बहुधा नाकारेल. वाद घालू नका, पायांच्या बाबतीत त्याचंच बरोबर असतं.

चेहरा शार्प, पाय धूसर

ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारा स्केटर सेकंदाला ५ मीटर जातो. शटर १/२५० सेकंदावर असेल तर तेवढ्यात तो २ सेंटीमीटर सरकतो, १/१००० वर अर्धा सेंटीमीटर. तुम्ही त्याच्याबरोबर कॅमेरा फिरवलात तर चेहरा वाचतो, पण बोर्डाला झटका देणारा पाय आणखी वेगात असतो. उन्हात १/१००० च्या खाली येऊ नका. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या, दाणेदार फोटो चालतो.

सगळंच धूसर असेल आणि मागची भिंत मात्र लख्ख, तर दोष फोकसचा. ऑटोफोकस मागच्या जाळीवर जाऊन बसला. स्केटर कुठून उडणार ते पक्कं असतं, म्हणून त्याला त्या कडेवर उभं करा, फोकस घ्या आणि मॅन्युअलवर टाका.

फ्लॅश लावल्यावर होणारे घोळ

फोटोच्या एका कडेला काळा पट्टा आला, तर शटर कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात वेगवान शटरच्या, पुढे गेलं. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते. फ्लॅशच्या हाय स्पीड सिंक मोडने पट्टा जातो, पण फ्लॅशची ताकदही बरीच जाते.

स्केटरभोवती भुतासारखी दुसरी पुसट आकृती आली, तर उजेड जास्त आहे. आजूबाजूचा उजेड फ्लॅशपेक्षा निदान दोन स्टॉप (म्हणजे चौपट) कमी पडेल असं एक्स्पोजर ठेवा, म्हणजे आकृती फ्लॅशच कोरेल. त्यातही फ्लॅश पूर्ण ताकदीवर नको. पूर्ण ताकदीला चमक लांबते आणि हालचाल पुसते; १/८ किंवा १/१६ ताकदीवर ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी वेळात आटोपते. उजेड कमी पडला तर फ्लॅश जवळ आणा किंवा दुसरा जोडा. फक्त स्टँड स्केटरच्या उतरायच्या वाटेत नको आणि चमक थेट डोळ्यांवर नको. हवेत असताना त्याला जमीन दिसायला हवी.

फिशआय लावला, पोरगा मुंगीएवढा

कारण तुम्ही लांब उभे आहात. फिशआयमध्ये, म्हणजे अतिशय रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्समध्ये, दोन-तीन मीटरसुद्धा लांबच. बोर्डापासून हातभर अंतरावर जा, बोर्ड फ्रेमच्या मध्याकडे आणि डोकं कडेपासून आत राहील असं बघा. फोकसची चिंता सोडा: १५ मिलीमीटरची लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा) साधारण एक मीटरवर लावली की अर्ध्या मीटरपासून पार मागपर्यंत सगळं शार्प येतं. खरी चिंता सुटून आलेल्या बोर्डाची. या लेन्सची काच पुढे फुगलेली असते, तिच्यावर साधा फिल्टर बसत नाही. त्यामुळे मित्राला शेजारी उभं करा आणि बोर्ड अडवायचं काम त्याच्या पायांना द्या.

रात्री फ्लॅशशिवाय, दिव्यांखाली एकाच सेटिंगवर एक फोटो उजळ आणि दुसरा पिवळट काळा आला तर घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नाहीतर १/१०० वर समाधान माना. आडवे पट्टे येत असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा. वेगातला बोर्ड वाकडा दिसायचाही त्याने थांबतो.

फक्त ट्रिकच्या मागे धावणं

जून १९८७ च्या ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ग्रँट ब्रिटन यांनी काढलेला टॉड स्वँकचा फोटो होता. त्यात ट्रिक नाही, स्वँक नुसता पाय मारत बोर्ड पुढे ढकलतोय. स्केटिंगच्या फोटोंबद्दल बोलताना या फोटोचं नाव आजही निघतं. तुम्हालाही हे करून बघता येईल, आणि त्यासाठी कुणाला पायऱ्यांवरून उडायला लावावं लागत नाही. शटर १/३० ते १/६० वर आणा, स्केटर येताना दिसला की कमरेतून वळत कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवा आणि क्लिक झाल्यावरही फिरवत राहा. बहुतेक फोटो बिघडतात ते क्लिक होताच हात थांबल्यामुळे.